उचल आणि खाडा : चाळिशीतील बळाचा इतिहास

मराठीत 'उचल' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ओझे उचलण्याचा. दुसरा, ऊसतोड मजुराने हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा. 'खाडा' हा शब्दही असाच दोन ठिकाणी राबतो. जोर-बैठकांत खाडा पडता कामा नये, असे तालमीत वस्ताद पोरांना बजावतो. आणि उसाच्या फडात एक दिवस कामावर न आलेल्या मजुराच्या नावावर मुकादम खाडा मांडून दंड कापतो. दोन्हीकडे खाडा हा दोषच. वजन उचलणाऱ्या शरीराला विसाव्याचीही गरज असते. परंतु त्या विसाव्याच्या दिवसाला आपल्या नित्याच्या बोलीत दोषाचेच नाव का मिळाले, हा प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे. पंचविशीत तो जाणवत नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर मात्र तो टाळता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले सास्तूर हे गाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपामुळे. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरचे जड माळवद, म्हणजे जे भक्कम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेले तेच, झोपेतल्या माणसांच्या अंगावर कोसळले. त्या पहाटे या परिसरात जी मुले दहा-बारा वर्षांची होती, ती आज चाळिशीत आहेत. मराठवाड्यातल्या या पिढीतील अनेकांचे आयुष्य शेती, हमाली, बांधकाम आणि ऊसतोडणी यांत गेले आहे. वजन उचलणे हा त्यांचा छंद नव्हे, उपजीविका आहे. म्हणून 'मध्यमवयातील बलसाधना' हा विषय शहरी जिममधल्या हौशी मंडळींपुरताच आहे, असे आम्हांस वाटत नाही.

या विषयावरील जुने शास्त्र पाहू गेल्यास एक अर्थपूर्ण अट आढळते. सुश्रुत आणि वाग्भट हे दोघेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगतात. कपाळावर, नाकावर, सांध्यांत घाम येऊ लागला आणि तोंडाला कोरड पडू लागली की थांबावे, ही त्याची खूण. वाग्भट ऋतूचाही विचार करतो : हिवाळ्यात व वसंतात हा अर्धशक्तीचा व्यायाम करावा, इतर वेळी त्याहून कमी, आणि व्यायामानंतर सर्वांग चोळून घ्यावे. परंतु हा उपदेश कोणासाठी आहे, हेही तो सांगतो. बलवान असणाऱ्यांसाठी आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी. बालक आणि वृद्ध यांना तो वगळतो. म्हणजे श्रमाची मर्यादा, अंगमर्दन आणि तूप-दूध ही तिन्ही एकाच विधानाची अंगे होती. ज्याच्या ताटात स्निग्ध काही नाही, त्याने काय करावे याविषयी ग्रंथ मौन पाळतो.

तालमीने हे शास्त्र आपल्या परीने आचरणात आणले. मेहनतीइतकीच मालिश महत्त्वाची, हौद्याच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळायचे, दूध, बदाम, तूप यांचा खुराक, दुपारची झोप. आज ज्याला क्रीडाविज्ञान शरीराची भरपाई म्हणते, ती तालमीच्या दिनक्रमात पूर्वीपासून होती. तिला 'विश्रांती' हे नाव नव्हते, इतकेच. पण हा दिनक्रम पेलायचा कोणी? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. खुराकाची चिंता दरबाराने वाहिली, म्हणून मल्लाला दुपारी निजता आले. सास्तूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे आखाडा ही आधी संशयाची जागा होती. आर्य समाजाच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहामागील तक्रारींत आखाड्यांवरील निर्बंध ही एक तक्रार होती. एका संस्थानात तालमीला खुराक मिळाला, दुसऱ्यात पाळत. शरीराचा इतिहास राजवटींच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, तो असा.

चाळिशीत आलेल्या बलोपासकाचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यापूर्वी, १८९७ च्या सुमारास, त्यांनी युजेन सँडो या जगप्रसिद्ध बलवंताची पुस्तके व उपकरणे आणवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीचा व्यायाम नेमाने केला होता. चाळिशीच्या सुमारास त्यांनी उपकरणे बाजूला ठेवली आणि सूर्यनमस्कार स्वीकारले; पुढे संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. सँडो ५८ व्या वर्षी, १९२५ साली वारला आणि पंतप्रतिनिधींना ८२ वर्षांचे आयुष्य लाभले. यावरून उपकरणे वाईट आणि नमस्कार चांगला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. लक्षणीय आहे ती त्यांची निवड. शरीराला रोज सोसेल इतकाच भार ठेवायचा, म्हणजे खाड्याची गरजच उरत नाही. प्रश्न सुटतो, पण त्यासाठी वजन सोडावे लागते.

तालमीचे उत्तर निराळे होते. मल्ल वयात आला की लंगोट खुंटीला आणि तो स्वतः हौद्याच्या काठावर. सास्तूरच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. उत्तरायुष्यात पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. २०११ साली ते निवर्तले. त्यांचा शिष्य राहुल आवारे याने २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले. वस्तादपण ही आपल्या परंपरेतील एक थोर व्यवस्था आहे, कारण थकणाऱ्या शरीरातील विद्या ती वाया जाऊ देत नाही. परंतु वस्ताद होणे थोड्यांच्याच वाट्याला येते. बाकीचे पैलवान गावी परततात. मेहनत सुटते, खुराकाची सवय मात्र राहते, आणि गुडघे व कंबर हिशेब मागू लागतात.

आधुनिक शास्त्राने या दोन्ही उत्तरांना एक पुरवणी जोडली आहे. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते. ही घट रोखायची तर भार सोडून चालत नाही. १९९० साली अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या १० दुर्बल वृद्धांना ८ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. भार हलका नव्हता. प्रत्येकाच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत तो नेला होता. मात्र व्यायाम आठवड्यातून ३ दिवस होता. उरलेले ४ दिवस त्या स्नायूंना खाडाच होता, आणि त्या खाड्याचाही बळाच्या वाढीत वाटा होता. कारण व्यायामाने स्नायू ताणले जातात. ते भरून येतात आणि वाढतात ते नंतर, झोपेत आणि प्रथिनांच्या आधाराने. वय वाढते तशी ही भरपाई मंदावते, आणि स्नायूंच्या मानाने कंडरा आणखी सावकाश सावरतात. म्हणून चाळिशीच्या माणसाने वजन टाकून देण्यापेक्षा दोन उचलींमधले अंतर वाढवावे, हे अधिक शहाणपणाचे.

असो. हे शहाणपण ज्याचा वेळ स्वतःचा आहे त्याला उपयोगी. फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या माणसाला दोन उचलींमधले अंतर ठरवता येत नाही. ते ट्रक ठरवतो, आणि त्याआधी मुकादमाची वही. 'कष्टकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला' हे वाक्य आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यातील चूक ध्यानात येत नाही. भार त्याच्याकडे भरपूर आहे. वाग्भटाच्या विधानातील उरलेली अंगे, म्हणजे अर्धी शक्ती राखून ठेवण्याची मुभा, अंगमर्दन आणि स्निग्ध अन्न, त्याच्याकडे नाहीत. फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. बाईच्या वाट्याला फडाच्या आधी आणि नंतर चूलही असते, म्हणजे तिची भरपाई आणखी दूर.

द. चिं. मजुमदारांनी बडोद्याहून दहा खंडांचा व्यायाम-ज्ञानकोश (१९३६–१९४९) सिद्ध केला, इतकी व्यायामाची आस्था मराठीत होती. बळ कमावण्याचा इतिहास आपण लिहिला आहे. विसावा कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, याचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. तो लिहू पाहणाऱ्याने दरबारांच्या दप्तरांबरोबर मुकादमाच्या वहीतील खाड्याचे रकानेही वाचावेत, एवढीच आमची सूचना.