ऊस : वन्य जाती व स्थानिक अनुकूलन

कसाड (सॅकॅरम स्पाँटेनियम) हे उसाचे वन्य आप्त. गवत कुलातील ही बहुवर्षायू वनस्पती भारतभर नदीकाठी, ओसाड व पाणथळ जमिनींत वाढते. तिचे बी वाऱ्याने दूर पसरते, तर भूमिगत खोडांमुळे एकाच ठिकाणी ठाव धरता येतो. त्यामुळे नैसर्गिक निवडीने दुष्काळ, पूर, थंडी किंवा क्षार सोसणारे वेगवेगळे स्थानिक प्रकार टिकून राहिले. गुणसूत्रांची संख्या प्रकारानुसार ४० ते १२८ असते. जनुकांच्या अनेक प्रतींमुळे बदलांना वाव मिळतो.

जाड, गोड उसाची (सॅकॅरम ऑफिसिनॅरम) गुणसूत्रे ८० असून तो रोगांना लवकर बळी पडतो. कोइमतूर येथे बार्बर व वेंकटरामन यांनी त्याचा कसाडाशी संकर करून को २०५ हा वाण सिद्ध केला (१९१८). पुढे गोड उसाशी पुन्हा संकर करून साखर वाढवली. काटकपणा, रोगप्रतिकार व खोडव्याची क्षमता कसाडाकडून आली. आधुनिक वाणांत कसाडाचा जनुकीय वाटा साधारण १० ते २० टक्के असतो.

सोनई (ता. नेवासे) येथील मुळा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरासह महाराष्ट्रात होणारी को ८६०३२ सारख्या वाणांची लागवड याच वारशावर उभी आहे. म्हणून नदीकाठच्या कसाडाचे जतन भावी वाणांसाठी आवश्यक ठरते.