रात्रपाळीचं बिल कोणाच्या नावावर?

मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये ऑन-कॉलचं वेळापत्रक लागलं, त्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं. "त्यांच्याच काळजीपोटी," मॅनेजर म्हणाले. बढतीच्या वेळी मात्र प्रश्न आला, रात्री सिस्टिम कोणी सांभाळली? माझ्या रात्री मोजल्या गेल्या. मी गप्प बसलो.

ही काळजी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे, बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. १८९१च्या फॅक्टरी कायद्यानं त्यांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. पुढे रात्रीच्या कामावरची बंदी घट्ट होत गेली आणि १९४८च्या कायद्यानं त्यांची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी ठरवली. १९२९मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हक्क मोठा होता, पण पैसे मालकानं द्यायचे होते.

गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या, नवी यंत्रं आली, वाइंडिंगला कमी हात पुरू लागले. बाई रात्री चालत नाही, वर बाळंतपणाचा खर्च. मालकांनी हिशेब केला आणि पुरुष घेतला. कायदा हे एकमेव कारण नव्हतं, पण मालकांना निमित्त मिळालं. १९८२च्या संपाची आपण चर्चा करतो. बायका त्याआधीच गिरणीतून जवळपास बाहेर पडल्या होत्या.

मग कायदे नकोत का? तसं नाही. प्रश्न बिलाचा आहे. १९४८च्या राज्य कामगार विमा कायद्यानं बाळंतपणाचा खर्च विम्याच्या सामायिक निधीवर टाकला. त्यामुळे बाई कामावर ठेवली म्हणून एकाच मालकावर बोजा पडत नाही. पण त्याला पगाराची मर्यादा आहे, सध्या २१ हजार. त्यावरच्या नोकऱ्यांत २०१७पासूनच्या २६ आठवड्यांच्या रजेचा पगार कंपनीच भरते. म्हणजे १९२९चाच हिशेब.

रात्रीचं कोडं महाराष्ट्रानं थोडं सोडवलंय. २०१५च्या दुरुस्तीनं कारखान्यांत, सुरक्षिततेच्या अटींवर, बायकांना रात्रपाळी खुली झाली. २०१७च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी तिची संमती लागते.

संमती म्हणजे आधी तिला विचारायचं. आमच्या टीममध्ये कोणी विचारलंच नव्हतं. पुढचं वेळापत्रक लागेल तेव्हा ते मी विचारणार आहे.