पाचवीचं जागरण

बाळ पाच दिवसांचं झालं की पाटा-वरवंटा धुऊन मांडायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर कोयता ठेवायचा आणि घरातल्या बायकांनी आळीपाळीने जागायचं. कुठे ही पूजा पाचव्या रात्री होते, कुठे सहाव्या. नैवेद्य बदलतो, मांडणी बदलते, जागरण मात्र सुटत नाही.

आज ही पूजा बहुतेक घरांत हौसेने होते. बाळ दवाखान्यातून टोचून, वजन करून घरी आलेलं असतं. आजी सांगेल तसं सगळं मांडतात, फोटो काढतात आणि दहा-अकराच्या सुमारास झोपतात. ज्यांनी ही रीत पिढ्यान् पिढ्या पाळली, त्यांच्या जागरणामागे मात्र भीती होती, आणि ती भीती खरी होती.

बाळाची नाळ विळ्याने, दगडाने किंवा हाती लागेल त्या पात्याने कापली जाई. कापलेल्या जागी राख लावत, काही ठिकाणी शेणही. त्यातून धनुर्वाताचे जंतू शरीरात शिरले की पहिले दोन-तीन दिवस काही कळत नसे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आठवड्याभरात केव्हातरी बाळ अंगावर पिणं सोडून देई, जबडा आवळला जाई, अंगाला झटके येत आणि खेळ संपे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मताच नीट न रडलेली बाळंही बहुधा याच आठवड्यात जात. सटवाईची रात्र नेमकी याच दिवसांत यावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पहिले पाच दिवस निभावले की आशा धरायची. बाराव्या दिवशी बारसं करायचं, म्हणजे तोवर टिकलेल्या बाळालाच नाव मिळायचं. एकामागून एक मुलं गेलेल्या घरात नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत, कारण असल्या नावाच्या पोराकडे मृत्यू वळून पाहणार नाही ही आशा.

पूर्वीचं जगणं बरं होतं की आजचं, हा वाद घरोघर चालतो. दूध कसं होतं, तूप कसं होतं, हवा किती स्वच्छ होती, माणसं एकमेकांना कशी धरून होती, यावर दोन्ही बाजूंनी तासन् तास बोलता येतं, कारण त्यातलं फारसं काही मोजता येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत काय घडत होतं, ते मात्र मोजता येतं. म्हणून या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर शोधायचं तर तिथूनच सुरुवात करावी.

ही खोली सर्वांच्या वाट्याला तरी कुठे येत होती? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना बाळंतपणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. त्यांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असं ती सांगते. महाराष्ट्रातल्या बाळंतपणाबद्दल एका मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली ही फार जुनी साक्ष आहे. 'पूर्वी सगळं छान होतं' असं कोणी म्हणालं, तर ही साक्ष त्याच्यासमोर ठेवावी. विशेष म्हणजे कित्येक गावांत सुईणीचं काम मांग समाजातल्या बायकाच करत. साऱ्या गावाची बाळंतपणं पार पाडणाऱ्या हातांना स्वतःच्या बाळंतपणात आडोसा नव्हता.

वरच्या जातींतल्या बायकांना छप्पर होतं, पण त्या छपराखाली सगळ्यांना जागा नव्हती. विधवेला दिवस गेले की आत्महत्या किंवा बालहत्या एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. कोणीही विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं आणि त्याला डॉक्टर केलं. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या, त्यातही हा यशवंत त्यांच्यासोबत काम करत होता.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मुलगा दहा दिवस जगला. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या कर्तृत्वावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्या दहा दिवसांच्या बाळापाशी थोडं थांबायला हवं. घरात शिक्षण होतं, नवरा नोकरीत होता, तरी बाळ वाचलं नाही. ही गोष्ट त्या काळात जगावेगळी नव्हती. जगावेगळं होतं ते त्या दुःखातून डॉक्टर व्हायला निघणं.

त्यांनी पदवी घेतली त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, स्त्री डॉक्टरांनी स्त्रियांसाठी चालवलेलं. नको असलेलं लग्न कोर्टात नाकारणाऱ्या रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी उभं आयुष्य बायकांवर उपचार करण्यात घालवलं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनातून परिचारिका तयार होऊ लागल्या. या सगळ्या जणींचं काम मोठं होतं, पण गरज फार अफाट होती.

किती अफाट, ते गिरणगावात दिसतं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकं पहिल्या वर्षातच गेली. हा आकडा थोडा सांभाळून वाचायला हवा. कोकणातल्या आणि घाटावरच्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे होई, मृत्यू मात्र मुंबईच्या नावावर चढे. ही सूट दिली तरी उरतं ते भयंकरच आहे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते सर्वांत जास्त होतं. दहा बाय दहाच्या खोलीत एक-दोन कुटुंबं, सामाईक नळ, सामाईक संडास, आणि आईची गिरणीतली दिवसभराची पाळी. तान्ह्याला घरी ठेवायचं तर ते झोपून राहिलं पाहिजे, म्हणून त्याला 'बाळगोळी' दिली जाई. या गोळीत अफू असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्सबाईंनी १९२२च्या सुमारास कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक अर्भकाला अफू दिली जात असल्याचं त्यांना आढळलं. त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही. पगार बुडाला तर सगळ्याच मुलांच्या तोंडचा घास जाणार होता.

परळला १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं आणि तीन वर्षांनी मुलांचं वाडिया हॉस्पिटल, दोन्ही गिरणी कामगारांच्या वस्तीत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देत, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी भूमिका घेतली. १९२९ साली कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. आज कचेरीत सव्वीस आठवड्यांची रजा घेणाऱ्या मुलीच्या हक्काची सुरुवात परळ-लालबागच्या त्या खोल्यांपासून होते. मात्र गिरण्यांमधल्या बायकांची संख्या पुढच्या काळात घटत गेली, याची इतरही कारणं होती, पण रजेचा खर्च नको म्हणून बाईच नको, हा हिशेब मालकांनी केलाच. तो हिशेब आजही कुठे कुठे केला जातो.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षं होतं. लोक तिशीत म्हातारे होत होते असा याचा अर्थ नाही. पाळण्यातच गेलेल्यांचं शून्य-एक वर्षांचं आयुष्य त्या सरासरीत मिसळलेलं होतं. १९७१ साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १०५ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा १६ होता. एका पिढीने आपल्या डोळ्यांदेखत पाहिलेला हा फरक आहे.

हा बदल मोठ्या इस्पितळांनीच घडवला असं मानलं तर महाराष्ट्रातली सर्वांत चांगली गोष्ट सांगायची राहून जाईल. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला हा कायम दुष्काळी भाग. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या पुष्कळ जणी दलित, पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. पाणी उकळणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, गरोदर बाईचं जेवण पाहणं, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजारी १७६ अर्भकं जात होती, १९७६पर्यंत ५२. ज्या बाईला गावात सामाईक विहिरीला हात लावू देत नव्हते, तिला सवर्णांच्या घरात बाळंतिणीजवळ बोलावणं येऊ लागलं. हा दुसरा बदल कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्या बायकांवरचा हाच विश्वास नवजात बाळांपर्यंत नेला. त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाला ऊब कशी द्यायची, जन्मताच श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कधी द्यायचं हे सारं पाहू लागल्या. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून तीन-चार वर्षांत २५च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि नंतर देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत शिरली. गरोदर बायकांना धनुर्वाताची लस देण्याचा कार्यक्रम त्याआधीपासून चालू होताच. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. पाचवीच्या रात्री ज्याची धास्ती होती, त्यातलं एक मोठं कारण गेलं.

तेव्हा आजचं जगणं बरं की पूर्वीचं? बाळंतिणीच्या खोलीपुरतं उत्तर निर्विवाद आहे. ज्यांच्या घरात नव्वदीच्या आजी आहेत त्यांनी 'किती झाली आणि किती जगली' हे त्यांना एकदा विचारावं आणि गेलेल्यांची नावं लिहून घ्यावीत. कित्येकांची नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

जुन्या रीतीतलं सगळंच टाकाऊ होतं असं मात्र नाही. सव्वा महिन्याची विश्रांती, माहेरपण, डिंक-अळिवाचे लाडू, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारे सरावलेले हात, रात्री बाळ घेऊन बसणारी मावशी, हे सगळं बाळंतिणीच्या मनालाही सांभाळत होतं. शहरातल्या दोन खोल्यांत एकट्या पडलेल्या नव्या आईला आज ते मिळत नाही, आणि त्याची भरपाई कुठल्याही औषधाने झालेली नाही. अर्थात ही विश्रांतीही खळ्यावर राबणाऱ्या बाईला तेव्हा क्वचितच मिळे.

यापेक्षा मोठा डाग दुसरा आहे. ज्या सोनोग्राफी यंत्राने अडलेली बाळंतपणं वेळीच ओळखता आली, त्याच यंत्राने मुली जन्माआधी शोधून मारल्या. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला, देशात सर्वांत आधी. तरीही २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावं देण्यात आली. एके काळी मूल हवं म्हणून वाईट नाव ठेवत होते. इथे मूल नको म्हणून ठेवलं होतं.

बीडचंच आणखी एक वास्तव २०१९ साली पुढे आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली असल्याचं सरकारी पाहणीत दिसलं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, हे त्यामागचं एक कारण. गिरणीतल्या आईने बाळगोळी दिली त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी मजुरी बुडण्याच्या धाकाने बाईने आपल्याच देहाची किंमत मोजायची, हे संपलेलं नाही.

आणि जव्हारजवळच्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हापासून पावसाळा आला की मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यातून तशाच बातम्या येत राहतात. राज्याचा १६चा आकडा त्या पाड्यांचा नाही. तिथल्या बाळांना वाचवायला वेगळं शास्त्र शोधावं लागणार नाही. जामखेडने ते १९७६पर्यंत करून दाखवलं, गडचिरोलीने १९९९ साली जगापुढे मांडलं, आणि ही दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातच आहेत.