आगीच्या वाटेतले दार

आगीची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांपुढे आधी बंब उभा राहतो. घंटा वाजवत येणारी लाल गाडी, पाण्याचा फवारा, शिडीवर चढलेला जवान. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही आपली म्हणसुद्धा बंबाचीच आहे. पण बंब येऊन पोचेपर्यंतचा जो वेळ असतो, तो कोणाच्या भरवशावर काढायचा? त्या वेळाचा राखणदार म्हणजे दार. आगीला अडवून धरणारे आणि माणसाला वाट देणारे दार. आज त्या दाराचा इतिहास सांगायचा आहे.

मी अभियंता नाही, कवितेचा माणूस आहे. तेव्हा सुरुवात शब्दापासून करतो. आपला ‘दार’ हा शब्द संस्कृतातल्या ‘द्वारा’वरून आला आणि ‘दरवाजा’ फारसीतून आला. फारसीत दाराला ‘दर’ म्हणतात. ‘द्वार’ आणि ‘दर’ ही दोन्ही एकाच प्राचीन मुळाची पिले आहेत, आणि इंग्रजीतले ‘डोअर’ही त्याच कुळातले. भाषा वेगळ्या झाल्या, पण वस्तू एकच राहिली; आणि तिची कामेही सगळीकडे दोनच राहिली. दार लावणे आणि दार उघडणे. आगीपुढे ही दोन्ही कामे एकाच दाराला, एकाच वेळी करावी लागतात. सगळी अडचण तिथेच आहे आणि सगळा इतिहासही तिथेच आहे.

नागपूरची गांधीबाग म्हणजे ठोक कापडाचा बाजार. गाळ्याला लागून गाळा, गाळ्यावर माळा, माळ्यावर पुन्हा माल. गाठी, ठाण, तागे, पुठ्ठे, प्लास्टिकच्या पिशव्या. आगीला याहून आवडीचे खाद्य कोणते? या बाजारातून पायी निघालात तर थोड्या वेळात महालात पोचता. तिथे भोसल्यांचा राजवाडा होता. काळ्या दगडाचा, आत लाकडावर अप्रतिम कोरीव काम केलेला. १८६४ साली तो वाडा जळाला. लाकडाचे वैभव गेले, उरले ते मोठे प्रवेशद्वार. त्याच्या आधी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, पुण्याचा शनिवारवाडा पेटला होता. ती आग सात दिवस धुमसत होती असे सांगतात. आतले मजले, दिवाणखाने, सगळे भस्म झाले. राहिले ते तट, जोती आणि सागवानाचे भक्कम दरवाजे.

दगड राहिला हे समजते. पण सागवानी दरवाजा कसा राहिला? बराचसा भाग अर्थातच दूरच्या जागेचा आणि दगडी तटाचा. पण लाकडाचा स्वतःचाही एक गुण आहे. बारीक लाकूड भर्रकन पेटते. जाड फळी मात्र तशी जळत नाही. तिचा वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाची ढाल बनतो. जळण्याची ही धाव साधारणपणे मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. म्हणजे चार बोटे जाडीच्या फळीला आग पार करायची तर तासभर तरी जावा लागतो. हत्तीच्या धडकेसाठी जाड केलेली फळी आगीलाही पुरून उरते. जुन्या सुतारांना हा आकडा ठाऊक नव्हता. जाडी मात्र ठाऊक होती.

यानंतरचा टप्पा गिरण्यांचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गांधीबागेपासून ती फार लांब नव्हती. आज तिथे मॉल उभा आहे. जमशेटजींनी या गिरणीत हवेत दमटपणा राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे छताचे फवारे बसवले, आणि ते देशात पहिल्यांदाच, अशी नोंद आहे. त्याचे कारण कापूस. पिंजलेला कापूस आणि हवेत तरंगणारे तंतू ठिणगीची वाटच पाहत असतात.

त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या कापड गिरण्यांनी आगीसाठी एक खास दार घडवले होते. लाकडी फळ्यांचे दोन-तीन थर आडवे-उभे एकमेकांवर ठोकायचे आणि वरून चारही बाजूंनी कल्हई केलेला पत्रा मढवायचा. पत्रा आग आत शिरू देत नाही आणि लाकूड उष्णता पुढे जाऊ देत नाही. नुसते लोखंडी दार असते तर ते तापून वाकले असते. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांपाशी आपली निम्मी ताकद गमावते. नुसते लाकडी असते तर पेटले असते. दोघे मिळून मात्र टिकतात. हे दार उतरत्या रुळावर टांगायचे आणि एका वजनाने उघडे धरून ठेवायचे. वजनाच्या साखळीत एक दुवा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा. सत्तर अंशांच्या आसपास तो दुवा वितळला की वजन सुटते आणि दार स्वतःच्या भाराने घरंगळत येऊन बंद होते. वीज नाही, माणूस नाही. मला तर ही एक उत्तम ओळ वाटते. एकही शब्द फालतू नाही.

आपल्याकडे १९६६ साली भारतीय मानक ३६१४ चा पहिला भाग आला, त्यात याच घराण्याची दारे आहेत: पोलादी पत्र्याची, पत्र्याने मढवलेली आणि गुंडाळून वर जाणारी. गोदामाची, गिरणीची, मालाची दारे.

मालाच्या पुढची पायरी पैशाची. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि काही वर्षांतच ते तिजोऱ्यांकडे वळले. चोराला अडवणारी तिजोरी करणे एक, आगीला अडवणारी करणे दुसरे. आगीची तिजोरी दुहेरी भिंतीची असते आणि मधल्या पोकळीत उष्णता रोखणारा मसाला भरलेला असतो. अशा कामाला येणारा एक पदार्थ म्हणजे जिप्सम. त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असते. तापले की ते पाणी वाफ होऊन निघते आणि ते संपेपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही. म्हणजे भिंतीतच एक छोटा बंब दडवलेला!

परीक्षा झाली १४ एप्रिल १९४४ रोजी. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके. आग आधी लागली ती कापसाला. दुपारी चारनंतर जहाजाचे तुकडे झाले आणि गोदीलगतची वस्ती पेटली. शेकडो माणसे गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. पुढे ढिगारे उपसले तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्या निघाल्या आणि आतले कागद, नोटा शाबूत होत्या, अशी त्या घराण्याच्या इतिहासात अभिमानाची नोंद आहे.

अभिमान योग्यच आहे. पण या नोंदीपाशी मी दर वेळी थबकतो. १९४४ सालीच आपल्या हाती असे दार होते, की बाहेर शहर जळाले तरी आतली नोट पिवळी पडू नये. मग त्याच कसबाने माणसासाठी दार घडवायला इतकी वर्षे का लागली? आगीच्या दाराचा इतिहास हा असा आहे. आधी राजाची वेस, मग गिरणीचा माल, मग तिजोरी, आणि सगळ्यांत शेवटी माणूस.

माणसाचा नंबर लागला तो प्रेते मोजून झाल्यावर. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉइस नाट्यगृहात दुपारच्या खेळाला आग लागली. ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी जाहिरात झालेली ती नवी कोरी इमारत होती. इमारत उभीच राहिली; माणसे मेली सहाशेहून अधिक. काही दारांना कुलूप होते, काही आत उघडणारी होती, काहींची कडी प्रेक्षकांना उमगेना. मागून गर्दीचा रेटा आला की आत उघडणारे दार उघडतच नाही. या दुर्घटनेनंतर इंडियानापोलिसमध्ये एका साध्या युक्तीवर काम झाले आणि १९०८ पासून ती बाजारात आली. दारावर आडवी दांडी; अंग टेकले की दार बाहेर उघडते. अंधारात, धुरात, लहान मुलालाही जमेल असे. तरीही २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्यात १४६ कामगार गेले, बहुतेक तरुण मुली. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. आपल्याकडे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गुदमरून गेले. बाल्कनीतून बाहेर पडण्याची एक वाट जास्तीच्या खुर्च्या बसवून बंद केलेली होती.

यातून आजचे दार घडले. ते दिसायला साधे असते, म्हणून कसे करतात ते थोडक्यात सांगतो. सव्वा-एक मिलिमीटर जाडीचे जस्त चढवलेले दोन पोलादी पत्रे कापून, वाकवून त्यांची पेटी करतात. मध्ये खनिज लोकर किंवा तसलीच न जळणारी पाटी भरतात. बिजागरी, कुलूप, काच, दार आपोआप लावणारा दट्ट्या, सगळे उष्णतेला टिकणारे हवे. कारण दार त्याच्या सर्वांत दुबळ्या खिळ्याइतकेच पक्के असते. चौकट आणि फळी यांच्या फटीत एक पट्टी बसवतात. एरवी ती सपाट असते. ताप लागला की अनेक पटींनी फुगते आणि फट बुजवून टाकते.

मग असे एक दार भट्टीच्या तोंडावर बसवून जाळून पाहतात. आपल्या देशात हे काम रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत होत आले आहे. भट्टीचा ताप अर्ध्या तासात सुमारे ८४० अंशांवर, तासाभरात ९४५ वर आणि दोन तासांत १०५० च्या घरात जातो. या काळात दाराने पडायचे नाही, ज्वाळा पलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत. आणि दार उष्णतारोधकही असेल तर पलीकडच्या बाजूचा ताप सरासरी १४० अंशांहून जास्त वाढू द्यायचा नाही. मानक ३६१४ च्या १९९२ सालच्या दुसऱ्या भागात ही कसोटी आली, आणि २०२१ मध्ये हे मानक नव्याने लिहिले गेले. आगीपेक्षा आधी धूर मारतो, म्हणून धुराचाही विचार आता दारात होतो.

नागपूरकरांना हे सारे दूरचे वाटू नये. देशभरच्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि १९५७ पासून ते आपल्याच गावात आहे. राज्याने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला. इमारतीतली आगीची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली, आणि दर सहा महिन्यांनी तसे प्रमाणपत्र देण्याचे बंधन घातले. ज्ञान गावात आहे, कायदा पुस्तकात आहे. तरी ९ जानेवारी २०२१ च्या रात्री शेजारच्या भंडाऱ्यात, जिल्हा रुग्णालयात, दहा नवजात बाळे गेली. त्याच वर्षी ९ एप्रिलला नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या एका रुग्णालयात आग लागून चौघे गेले. आता तरी ‘सोमेश्वर-रामेश्वर’ ही म्हण आपण हसत म्हणू नये.

गांधीबागेत, इतवारीत नव्या व्यापारी संकुलांच्या जिन्याशी अशी जड, करड्या रंगाची दारे आता दिसतात. त्यांच्यावर चिकटवलेली पाटी असते, तिच्यावर मिनिटे लिहिलेली असतात: साठ, नव्वद, एकशेवीस. आणि बऱ्याचदा त्याच दाराला खाली वीट लावलेली असते, नाहीतर कापडाची गाठ टेकवलेली असते. हमालाला ये-जा सोपी जाते, पोऱ्याला चहा नेताना हात मोकळा लागत नाही. यात कोणाचा दुष्टपणा नाही, रोजची सोय आहे. पण दोन तास भट्टी सोसलेल्या दाराची ती वीट दोन मिनिटांत माती करते. उघडे राहिलेले दार आगीला अडवत नाही. उलट जिना धुराचे धुराडे होतो. दुसरीकडे चोरीच्या भीतीने तेच दार साखळी-कुलपात बांधलेले असते. तेव्हा आग अडेल कदाचित, पण माणूसही अडेल. एका दाराला वीट, दुसऱ्याला साखळी; दोन्ही ठिकाणी दार आपल्या दोन कामांपैकी एकाला मुकलेले असते.

यावर उपाय खर्चाचा नाही, सवयीचा आहे. दिवसभर वर्दळ असेल तिथे चुंबकाने उघडे धरलेले आणि धोक्याचा इशारा होताच सुटून लागणारे दार बसवता येते. गिरणीतल्या त्या वितळणाऱ्या दुव्याचेच हे नातवंड. ते परवडत नसेल तर वीट उचलून बाजूला ठेवायला काही लागत नाही. साखळीच्या जागी आतून दाबताच उघडणारी दांडी लागते. आणि गाळा बंद करताना जसा तिजोरीला आपण एकदा हात लावून पाहतो, तसाच जिन्याच्या दाराला एकदा हात लावून पाहायचा असतो: आपोआप लागते का, आतून उघडते का.

तिजोरीत काय ठेवले आहे ते मालकाला पाठ असते. जिन्याच्या त्या दाराआड कोण असते? मापाडी, शिलाईवाल्या बाया, हिशेबनीस, मालाच्या ढिगावर दुपारी डोळा लागलेला पोऱ्या, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले खेड्यावरचे कुटुंब. आपल्या बाजारातला खरा ऐवज तो आहे. नोटांसाठी जे दार आपण शंभर वर्षांपूर्वी घडवले, ते या माणसांसाठी नीट लागावे आणि नीट उघडावे, एवढेच मागणे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)