मे-ॲपल

मे-ॲपल (शास्त्रीय नाव : पोडोफायलम पेल्टेटम, कुल : बर्बेरिडेसी). दारुहळदीच्या कुलातील ही बहुवर्षायू ओषधी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील पानझडी जंगलांत सावलीला वाढते. वरच्या झाडांची पालवी दाटण्याआधीच, वसंताच्या सुरुवातीला, ती छत्रीसारखी पाने उघडते आणि उन्हाळा सरेपर्यंत वाळून जाते. मूलक्षोड मात्र जमिनीखाली पसरत राहते, त्यामुळे एका जागचा ताटवा पुष्कळदा एकाच रोपाचा पसारा असतो. दोन पानांच्या बेचक्यात एकच पांढरे फूल येते. पूर्ण पिकलेल्या पिवळ्या फळाचा गर खातात. बाकी सारी वनस्पती, कच्च्या फळासकट, विषारी.

कर्करोगावरील एटोपोसाइड हे औषध हिच्या कुळीतल्या रसायनापासून घडवले गेले, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांना हा गुण आधीच ठाऊक होता असे सर्रास लिहिले जाते. पुरावा त्याला पुरती साथ देत नाही. चेरोकी लोक मूलक्षोड मुख्यतः जुलाबासाठी आणि जंतांवर देत. अमेरिकी औषधसंहितेत ते १८२० मध्ये आले तेही रेचक म्हणूनच. मेन राज्यातील पेनॉबस्कॉट लोक ते कर्करोगावर वापरत, हा दाखला यावर हमखास पुढे केला जातो. तो खरा धरला तरी जुन्या नोंदींतला ‘कर्करोग’ म्हणजे बहुधा डोळ्यांना दिसणारी गाठ किंवा न भरणारे व्रण. शिवाय मूलक्षोडातील पोडोफायलोटॉक्सिन हे मूळ रसायन पोटात घेणे रुग्णाला झेपत नाही, म्हणून रेणूच बदलावा लागला. बदललेला रेणू कामही वेगळे करतो : मूळ द्रव्य पेशीतील सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखते, तर एटोपोसाइड टोपोआयसोमरेज-२ या विकराला अडकवून डीएनए तोडते.

मग परंपरेचा वाटा शून्य? तसेही नाही, फक्त तो चामखिळींच्या वाटेने आला. त्यांवर मूलक्षोडाची राळ लावण्याचा लोकोपचार होताच. १९४२ मध्ये विषारीपणामुळे मूलक्षोड औषधसंहितेतून वगळले गेले, आणि नेमके त्याच वर्षी कॅप्लन या डॉक्टरांनी गुह्यांगावरील चामखिळी या राळेने बऱ्या होतात असे प्रसिद्ध केले. राळ पेशींचे विभाजन थांबवते हे त्यानंतर चार वर्षांनी दिसले, तेव्हा कुठे कर्करोगाचा विचार सुरू झाला. एटोपोसाइडला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८३ मध्ये. हिमालयातील बनककडी या भाऊबंद जातीत पोडोफायलोटॉक्सिन कितीतरी जास्त असल्याने मूलक्षोडांसाठीची खणती तिकडे वळली. १९९० मध्ये ही जात वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावी लागली.