बंदुकीचं ओझं कुणाच्या खांद्यावर?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या शेतात आम्ही तिघं माळ्यावर बसलो होतो. हरभऱ्याचे घाटे भरले होते. रात्री दोन तास डोळा लागला तरी रानडुकरांचा कळप अर्धा एकर नांगरल्यासारखा करून जातो, हे मागच्या वर्षी आम्ही भोगलं होतं. काकांच्या हातात बॅटरी होती, उशाशी गोफण. चुलतभाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"काय बघायलास रे?" काकांनी विचारलं.

"एक पोरगं बंदूक जोखायलंय."

खरंच जोखत होता. अमेरिकेतला तो तरुण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बंदुकीचा एकेक भाग ठेवून ग्रॅम वाचून दाखवत होता. बारीक नळी, पोखरून हलका केलेला बोल्ट, कार्बन फायबरचा दस्ता, छोटी दुर्बीण. त्याला सगळं मिळून अडीच किलोच्या आत बसवायचं होतं. डोंगरात आठवडाभर ती बंदूक त्याला स्वतःच वागवायची होती.

काकांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "अन् त्याचा गडी कुठंय?"

आम्ही दोघं हसलो. काका हसले नाहीत. निजामाच्या काळात कुणी बडा माणूस शिकारीला आला की गावातली माणसं हाक्याला धरून नेत, हे त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. शिकाऱ्याने स्वतःची बंदूक स्वतः वाहायची, हीच त्यांना नवलाची गोष्ट वाटली. तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हलक्या बंदुकीचा इतिहास वाचायला लागलो आणि तो फिरून फिरून हिंगोलीतच येऊन थांबला.

छावणीचं गाव

हिंगोलीचा जुना इतिहास म्हटला की लोक ठगांच्या गोष्टी सांगतात. छावणीच्या बाजारातला हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला, हे फिलिप मेडोज टेलरने १८३९ च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. टेलर निजामाच्या फौजेतला अधिकारी, आणि त्या व्यापाऱ्याशी त्याचे स्वतःचेही व्यवहार झालेले. पण मला आज छावणीतली दुसरी वस्तू बघायची आहे.

हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. ही फौज नावाला निजामाची, तिचे अधिकारी मात्र इंग्रज. खर्चाची थकबाकी वाढत गेली, तेव्हा १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआबाचा महसूल त्यापोटी इंग्रजांच्या हवाली करावा लागला. म्हणजे हिंगोलीच्या साहेबाचा पगार वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून निघत होता. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली.

या साहेबांकडे रिकामा वेळ भरपूर होता आणि भोवती कयाधू-पैनगंगेचं रान होतं. कंटिन्जंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टनने १९०५ मध्ये या फौजेचा इतिहास लिहिला आणि १९२८ मध्ये दख्खनच्या शिकारीवर स्वतंत्र पुस्तक काढलं. शिकार हा त्या नोकरीचा अर्धा भत्ताच होता म्हणा ना. गंमत म्हणजे, आमची झोप उडवणाऱ्या रानडुकराला जिथे घोडा पळवता येतो तिथे गोळी घालणं साहेब लोकांत पाप समजलं जाई. त्याला घोड्यावरून भाल्यानेच मारायचं. भाल्यातही निवड होतीच. बंगालकडचा भाला आखूड आणि बुडाशी शिसं भरलेला. मुंबई इलाख्यातला लांब, हलका, खालून धरायचा. दांडा भरीव नर बांबूचा.

नऊ किलोंची बंदूक

बाकीच्या शिकारीला बंदूक लागे, आणि ती हलकी नव्हती. याचं कारण दारूत होतं. सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता राख आणि धूर होतो. त्यामुळे गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. वेग वाढत नसेल आणि मार तर जबर हवा असेल, तर उरतो एकच उपाय, गोळीच मोठी करायची.

तेव्हाचा 'बोअर' हा शब्द यातूनच आलाय. नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती बारा बोअर. चार बोअर म्हणजे एकेक गोळी पाव पौंडाची, जवळजवळ ११३ ग्रॅम. सॅम्युअल बेकर हा शिकारी सिलोनात अशाच जातीची रायफल वापरायचा. तिचं वजन २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. एवढी जड कशाला? कारण तेवढी मोठी गोळी हलक्या बंदुकीतून उडवली असती, तर खांदा जागेवर राहिला नसता.

हिशेब साधा आहे. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन वीस टक्क्यांनी कमी केलं, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा पंचवीस टक्क्यांनी वाढते. मोबाइलमधल्या त्या पोरानेही हे सांगितलं होतं, दीडशे वर्षांनी आणि हसत हसत.

त्यात नळीच्या तोंडातून भरायची बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला वेळ लागणार. जखमी वाघ तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून दुसरी, कधी तिसरीही बंदूक भरून तयार ठेवावी लागे. ती घेऊन मागे उभा राहायचा तो इथला माणूस. त्याच्या हातात भरलेली बंदूक असायची, पण ती झाडायची नाही, साहेबाने हात मागे केला की त्यात ठेवायची. वाघ अंगावर आला तरी पळायचं नाही. शिकारीच्या पुस्तकांत या माणसाच्या धैर्याचं कौतुक सापडतं, त्याचं नाव क्वचितच सापडतं. काका विचारत होते तो गडी हाच.

मापाने शिवलेली बंदूक

पैसेवाला अधिकारी लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिराकडून बंदूक बांधून घ्यायचा. शिंपी सदऱ्याचं घेतो तसं माप घेतलं जाई. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत अंतर किती, गाल टेकल्यावर डोळा माशीच्या रेषेत येण्यासाठी दस्ता किती खाली झुकलेला हवा, उजवीकडे किती कललेला. दस्ता अक्रोडाचा, वर्षानुवर्षं वाळवलेला. नाहीतर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं आणि नेम सरकतो. जहाजाने मुंबई, तिथून पुढे मिळेल तिथवर आगगाडी. छावणी असेपर्यंत हिंगोलीला रेल्वे आलीच नव्हती, त्यामुळे शेवटचा टप्पा बैलगाडीचा.

मग छावणीच्या शेवटच्या दीड-दोन दशकांत सगळा हिशेबच बदलला. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. १८८९ मध्ये इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. वेग वाढला, म्हणून गोळी बारीक, लांब आणि धातूचं कवच चढवलेली झाली. गोळी लहान म्हणून नळी लहान, नळी लहान म्हणून सगळी बंदूकच हलकी. जर्मनीच्या माउझरने १८९८ मध्ये काढलेला बोल्ट इतका भरवशाचा निघाला की आजही शिकारीच्या बऱ्याचशा रायफली त्याच घाटावर बनतात. लंडनच्या रिग्बीने माउझरच्या यंत्रणेवर .२७५ ची रायफल बांधली. साडेतीन किलोंच्या आसपास भरणारी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ च्या त्या कामगिरीनंतर भेट मिळाली ती हीच. त्यातून उडणारी गोळी नऊ ग्रॅमची. बेकरच्या एका गोळीत अशा बारा बसल्या असत्या.

अशी बंदूक एकटा माणूस दिवसभर खांद्यावर टाकून फिरू शकत होता. पाच काडतुसं पोटात असल्यामुळे दुसरी बंदूक लागत नव्हती. भर घ्यायला मागे माणूस उभा करायची गरज संपली. यंत्राने गड्याला सुट्टी दिली म्हणायची.

काडतूस कुणी निवडायचं

सुट्टी मिळाली, पण बंदूक काही त्याच्या हातात आली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट होती.

कायद्याची ही भीती बंदुकीच्या आतल्या भागापर्यंत पोचली होती. १८९८ मध्ये रिग्बीने .४५० चं जबरदस्त काडतूस काढलं, मोठ्या शिकारीसाठी ते सगळ्यांना हवं झालं. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या नळीचं मापही तेच होतं, आणि अशा रायफली बंडखोरांच्या हाती पडलेल्या होत्या. काडतुसं त्यांना मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० ची आयातच बंद केली. इंग्लंडच्या कारागिरांना घाईने .४७०, .४६५ अशी आडमापाची काडतुसं काढावी लागली. आज शिकारीच्या साहित्यात .४७० चं नाव आदराने घेतलं जातं. त्याच्या जन्मामागे हिंदुस्थानातल्या उठावाची धास्ती आहे.

ही रीत स्वातंत्र्यानंतरही टिकली. लष्कराच्या .३०३ ची काडतुसं नागरिकाला चालत नाहीत. म्हणून आपल्याकडे परवान्यावर मिळते ती .३१५ ची रायफल, इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी. तिच्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं दिसतात, ती १८६९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. नळी किती जाड, दस्ता कशाचा, हे निवडायची मोकळीक इथे कुणाला फारशी नव्हतीच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. तोवर रानात मारायला उरलं तरी किती होतं? २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला ओलांडत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. छावणीच्या काळात तो हिंगोलीच्या पुढे गेला नसता. तो आमच्या जिल्ह्यातून जिवंत पार झाला, याचा मला अभिमान वाटतो.

पण वाघाविना राहिलेल्या रानात डुकरं आणि रोही वाढले, आणि त्यांचा मुक्काम पिकात. वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. नुकसानभरपाईचे अर्ज असतात, पंचनामे असतात. वैतागून कुंपणाच्या तारेत करंट सोडला जातो आणि त्याच तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

त्या रात्री भावाने विचारलंच, "काका, आपुन काढायचं का बंदुकीचं लायसन?"

काका म्हणाले, "काढून काय करतूस? डुकरं वीस, गोळ्या पाच. अन् रातच्याला पलीकडच्या माळ्यावर कोण बसलंय ते दिसतंय का तुला?"

पलीकडच्या शिवारात एक बॅटरी हलत होती. त्याच्या पलीकडे आणखी एक. त्या माळावर प्रत्येक वावरात कुणीतरी जागं होतं. नेम चुकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते, हे काकांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मी गोफण हातात घेतली. अंबाडीच्या दोराची, काकांनी स्वतः वळलेली. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत. खळग्यात लिंबाएवढा दगड. एकूण वजन त्या अमेरिकन पोराच्या दुर्बिणीपेक्षाही कमी. मी फिरवून दगड सोडला तो दहा हातांवर आमच्याच हरभऱ्यात पडला. काका उठले, एकदाच गोफण फिरवली, फट्‌ असा आवाज झाला आणि नाल्याच्या कडेला काहीतरी धडपडत पळालं.

मग ते खाली बसले आणि उजवा खांदा चोळू लागले. साठी उलटलीये त्यांची. हंगामातल्या तीस-चाळीस रात्री असाच हात फिरवतात.

"तुम्ही झोपा जरा," मी म्हणालो, "मी बसतो."

"जागशील?"

"जागतो."

भावाने मोबाइल बंद केला. आम्ही पहाटेपर्यंत आलटून पालटून बसलो. सकाळी बघितलं तर बांधाकडचे दोन वाफे उकरलेले होते, बाकी हरभरा शाबूत होता.