गोल म्हणजे किती गोल?

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळेच्या भांड्यांची. 'भाना' म्हणजे पितळ आणि त्यावरूनच गावाला हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पुढे घराघरांत स्टेनलेस स्टील आले आणि पितळेचे दिवस पालटले. तरीही या भागातल्या शाळांत एखादा पितळी गुंड आणून 'हा गोल आहे का?' असे विचारले, तर सगळी मुले 'हो' म्हणतील. 'कशावरून?' असे विचारले की वर्ग शांत होईल. या प्रश्नापायी अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली आहेत.

पाण्याच्या भांड्याला थोडा पोचा आला तर फारसे बिघडत नाही. दाबाखालच्या भांड्याचे तसे नाही. विल्यम फेअरबेर्न या ब्रिटिश अभियंत्याने १८५८ साली बाहेरून दाब दिलेल्या नळ्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नळी वर्तुळापासून थोडी ढळली तरी ती लवकर चेपते, असे त्यात दिसले. कारण सोपे आहे. अचूक वर्तुळात बाहेरचा दाब सगळीकडून सारखा रेटतो. लंबगोल नळीत तोच दाब चपट्या बाजू आणखी चपट्या करतो. नळी जितकी चपटी होते, तितके तिला चेपणे सोपे जाते.

आतून दाब असेल तर उलटे घडते. दाब भांड्याला गोल करू पाहतो. हे चांगलेच वाटेल; पण त्या काळी बॉयलरच्या प्लेटची टोके एकावर एक चढवून रिव्हेट मारत. त्या जोडापाशी वर्तुळ मोडे. दाब चढला की तेथे प्लेट वाके, उतरला की परत येई. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी जोडाच्या आड, डोळ्यांना न दिसणारी भेग वाढत जाई. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील ब्रॉकटन गावच्या बुटांच्या कारखान्यात असाच एक बॉयलर फुटला आणि ५८ माणसे मेली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने बॉयलरचे नियम केले आणि १९१५ साली अमेरिकन यांत्रिकी अभियंता संघाची, म्हणजे 'अस्मे'ची, पहिली बॉयलर संहिता छापून निघाली.

अस्मेच्या दाबपात्रांच्या नियमांनुसार कोणत्याही छेदात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास यांतला फरक नाममात्र व्यासाच्या १ टक्क्याहून जास्त नसावा. उष्णता विनिमयकाला मात्र एवढ्याने भागत नाही. त्याच्या दंडगोल शेलमध्ये नळ्यांचा जुडगा सरकवायचा असतो. जुडग्यावर आडपडदे बसवलेले असतात. ते प्रवाहाला नागमोडी वाटेने नळ्यांवरून नेतात. पडदा आणि शेल यांतली फट मोठी झाली तर द्रव नळ्यांना न शिवता कडेने निसटतो. फट फार लहान ठेवली तर जुडगा आत जातच नाही. अमेरिकेतील उत्पादकांच्या 'टेमा' संघाने १९४१ साली यासाठी प्रमाणे प्रसिद्ध केली. भारतीय मानक आयएस ४५०३ हे १९६७ चे.

एक हिशेब करून पाहू. ३९ इंची, म्हणजे सुमारे ९९० मिमी व्यासाचा शेल घ्या. टेमानुसार आडपडद्याचा व्यास शेलपेक्षा सुमारे ४.८ मिमी कमी, म्हणजे ९८५.२ मिमी. समजा, शेल किंचित लंबगोल झाला. एक व्यास ९९४.९ आणि दुसरा ९८५.१ मिमी. फरक १ टक्क्याच्या आत, म्हणून दाबाच्या नियमात तो उत्तीर्ण. पण पडदा अडकणार! आता टेप गुंडाळून परीघ मोजा. परिपूर्ण वर्तुळाच्या आणि या लंबगोलाच्या परिघांत फरक पडतो तो मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. टेपला तो दिसणार नाही. परीघ सरासरी व्यास सांगतो, आकार नाही.

मग बरेच व्यास मोजले तर? तेही पुरेसे नाही. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर कंपासाचे टोक ठेवून, बाजूएवढ्या त्रिज्येने समोरचा कंस काढा. या फुगीर त्रिकोणाची रुंदी कोणत्याही दिशेने मोजा, सारखीच भरते. इंग्लंडचे १९६९ चे सात कडांचे ५० पेन्सचे नाणे याच कुळातले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान फुटून सात अंतराळवीर गेले. चौकशी समितीतील रिचर्ड फाइनमन यांनी याच चुकीकडे बोट दाखवले होते. अग्निबाणाच्या तुकड्यांचे मोजकेच व्यास सारखे आले की ते गोल धरले जात. अपघाताचे मुख्य कारण थंडीने ताठर झालेले रबरी कडे हे होते. पण मोजणीतला हा दोषही खराच होता. म्हणूनच बाहेरून दाब येणाऱ्या पात्रांसाठी संहिता कंसाकृती साचा लावून पाहायला सांगते.

वर्गात हे तिन्ही उपाय करून पाहावेत. पुठ्ठ्याचे एक वर्तुळ आणि तेवढ्याच रुंदीचा एक फुगीर त्रिकोण कापावा. दोन्हींवर दोरा, पट्टी आणि कंसाचा साचा लावावा. दोऱ्याने मोजलेला परीघही दोन्हींचा सारखाच येईल! साचा मात्र फसणार नाही. मग तोच साचा गुंडाच्या कडेवर फिरवावा. घणाच्या ठोक्यागणिक भांडे थोडे फिरवणारा तांबट कडेची प्रत्येक जागा नजरेखालून घालतो, ते का, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.